निष्काळजीपणाचा रकाना

मॅडम, परवा धुळ्याला तुमची शोकसभा झाली. हॉल भरला होता. फोटोला घातलेला हार जरा मोठाच होता, त्यात तुमची हनुवटी झाकली गेली होती. तुमच्या मेडिकल कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक बोलायला उभे राहिले. चांगले बोलले. शेतीच्या यंत्रांनी होणाऱ्या दुखापतींवर आपल्या भागातून सगळ्यात आधी तुम्ही लिहिलंत, तुमचा पहिला लेख आजही परदेशातले अभ्यासक आपापल्या लेखांत संदर्भाला घेतात, असं त्यांनी सांगितलं. मग त्या लेखाचं इंग्रजी नाव सावकाश वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हीच मॅडमची कमाई."

मी चौथ्या रांगेत बसले होते. उठून सांगायला हवं होतं, की अहो, त्या लेखात चूक झाली म्हणून मॅडम शेवटपर्यंत झुरल्या. त्याचं नाव त्यांच्या फोटोसमोर तरी घेऊ नका. पण मी उठले नाही. सगळे शिकलेले लोक, आणि मी बारावी झालेली, गावाकडची. नंतर चहा घेतला आणि स्टँडवर येऊन एसटीत बसले.

म्हणून आता लिहिते आहे. तुम्ही शिकवलंत तसं लिहीन. आधी काय घडलं ते, मग आपल्याला काय वाटलं ते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा माझ्या उजव्या हाताची पट्टी नुकतीच सुटली होती. कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये हात ओढला गेला आणि दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. ओट्यावर तुमच्यासाठी खुर्ची टाकली होती. सासरे, म्हणजे आमचे आबा, खाटेवर बसले होते. नवरा दारात, दीर पायरीवर. मी खांबाला टेकून उभी. तुम्ही मांडीवर फॉर्म घेऊन विचारलंत, "कसं झालं?"

आबा जमिनीकडे बघत होते. मी म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं."

फॉर्मवर कारणांचे रकाने होते. यंत्रातला दोष, वीज, निष्काळजीपणा, इतर. तुम्ही गोठ्यात जाऊन मशीन पाहिलंत. तोंडावर लोखंडी झाकण घट्ट बसवलेलं होतं. परत येऊन तुम्ही निष्काळजीपणाच्या रकान्यात खूण केलीत. मला खूण दिसली आणि बरंच वाटलं. प्रश्न मिटला एकदाचा.

मग तुम्ही फॉर्ममध्ये नसलेलं एक विचारलंत. "पेन धरता येतं का गं?"

मी करंगळीजवळच्या बोटात आणि अंगठ्यात पेन अडकवून माझं नाव लिहून दाखवलं. अक्षर वाकडं आलं. तुम्ही म्हणालात, "रेखा, तुझं अक्षर माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरं आहे." ते खरं नव्हतं, पण त्या दिवसांत मला एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. सगळे हाताकडे बघायचे आणि मग पोरीकडे बघायचे. माझी पोर तेव्हा पहिलीत होती.

सहा-सात महिन्यांनी तुमचा निरोप आला. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून होणाऱ्या दुखापतींवर नवं काम सुरू होणार आहे, गावोगाव फिरून माहिती लिहून घ्यायला बाई हवी. नवरा नको म्हणत होता. आबा म्हणाले, "जाऊ दे तिले." एवढंच. का म्हणाले ते मी तेव्हा विचारलं नाही. तीच माझी सवय होती, आबांना काहीच न विचारण्याची.

तुमच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं हे आज तुम्हाला सांगायला हरकत नाही. फॉर्मवर खाडाखोड दिसली की तुम्ही सगळा फॉर्म परत भरायला लावायचात. "साधारण" हा शब्द लिहिला की तुमच्या कपाळावर आठी यायची. "साधारण म्हणजे किती? तू मोजलंस का?" फैजपूरला भावाकडे जाऊन येताना केळीचे वेफर्स आणायचात आणि ते जीपमध्ये सगळ्यांना वाटायचात. पण चुकलेल्या फॉर्मवाल्याला शेवटी मिळायचे. मला बहुतेक वेळा शेवटीच मिळाले.

आणि मग तो पहिला लेख छापून आला. तुम्ही इतक्या खूश होतात की पारोळ्याच्या रस्त्याला जीपमध्येच तो उघडलात आणि मला मराठीत सांगत सुटलात. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठी. तक्ते दाखवलेत. मी त्यात कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलंत. नाव नाही, गाव नाही, एका आकड्यात मिसळलेली मी. मग तुम्ही पुढचं वाचलंत. जखमी झालेल्या बहुतेक बायकांनी स्वतःचं दुर्लक्ष हेच कारण सांगितलं, म्हणून त्यांना काळजी घ्यायला शिकवणं हा सगळ्यात मोठा उपाय.

मला हुंदका आवरेना. तुम्हाला वाटलं हात आठवला. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागलात, त्याने आणखीच झालं.

"मॅडम, ते खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"लक्ष नव्हतं ते. झाकण नव्हतं मशीनला. आबांनी दोन महिने आधी काढून ठेवलं होतं. माझी बोटं गेल्यावर दुसऱ्या दिवशी परत बसवलं."

तुम्ही चिडलात की तुमची घरची बोली बाहेर यायची. "कायले खोटं बोलली वं तू?" तुम्ही इतक्या मोठ्याने म्हणालात की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

मी सांगितलं, "आबा समोर बसले होते."

तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. बाहेर कापूस होता, दुसरं काही नव्हतं. मग विचारलंत, "तुझ्या मुलाखतीला कोण कोण होतं?" मी सांगितलं. "आणि बाकीच्यांच्या?" हे तुम्ही मला विचारत नव्हतात. मी त्या कामात नव्हतेच. तुम्ही एकेक घर आठवत होतात. शेवटी म्हणालात, "सगळीकडे ओट्यावर बसून चहा घेतला मी, रेखा. सगळ्यांच्या देखत."

त्या दिवशी आपण पुढच्या गावाला गेलोच नाही.

तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लेख छापून आला होता, लोक अभिनंदन करत होते. एक बाई खोटं बोलली तर एक बाई. तिचा आकडा काढून टाकायचा आणि पुढे जायचं. तुम्ही जुन्या फॉर्मांचं कपाट उघडलंत, आणि पुढची दोन वर्षं आपण त्या सगळ्या बायकांना पुन्हा भेटलो. ओट्यावर नाही. कापूस वेचायला जातात तिथे, नदीवर, दवाखान्याच्या रांगेत. तुम्ही कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून सरीत उतरायचात आणि बोंडातून कापूस असा ओढायचात की निम्मा पालापाचोळा बरोबर यायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसून झालं की बोलायच्या.

लीलाबाई आठवते ना? पहिल्या वेळी जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर तिने सांगितलं होतं, चक्कर आली आणि हात आत गेला. आता वेचता वेचता म्हणाली, "चक्कर कसानी? बटन घरमा, मशीन गोठामा. हात अडकना तं बंद कोण करी? मी आरड्या मारी राहिंतू, कोणले ऐकूच ये ना." तुम्ही वही काढली नाहीत. तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत कापूस वेचत राहिलात आणि मग बांधावर जाऊन, तिच्याकडे पाठ करून, लिहून काढलंत. पाठ का केली होती ते मला दिसत होतं.

दुसरा लेख छापायला फार वेळ लागला. तीन ठिकाणांहून परत आला. एका संपादकाने लिहिलं होतं, की यात नवीन काय आहे? तुम्ही मला ते वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "नवीन हेच आहे की जुनं चुकलं." शेवटी एका छोट्या नियतकालिकाने घेतला. त्यात तुम्ही सरळ लिहिलंत, की आमच्या आधीच्या लेखातला निष्कर्ष धरू नये, मुलाखती घरातल्या मोठ्यांसमोर घेतल्या होत्या, चूक आमची आहे. फॉर्मवरून निष्काळजीपणाचा रकाना तुम्ही काढून टाकलात. नंतरच्या एकाही कामात तो परत आला नाही. त्या जागी आपण विचारायला लागलो, झाकण होतं का, बटण किती पावलांवर, हाका मारल्या तर कोण येईल.

पण झालं काय, की पहिला लेख पुढे निघून गेला होता. लोक तोच वाचत होते. आपला लेख कुणी संदर्भाला घेतला की संगणकावर आकडा वाढतो हे तुम्हीच मला दाखवलं होतंत. आता तो आकडा वाढला की तुमचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या लेखाचा आकडा हलतच नव्हता. कॉलेजातले लोक पेढे मागायचे आणि तुम्ही विषय बदलायचात.

मग जळगावची ती बैठक झाली. यंत्रं बनवणारे, शेतीखात्यातले, डॉक्टर असे सगळे एकत्र बोलावले होते. तुम्ही मला शेजारी बसवलंत. मशीनला झाकण उघडलं की मोटार आपोआप बंद झाली पाहिजे आणि बटण हाताशी पाहिजे, एवढंच तुमचं मागणं होतं. एका कारखान्याचे गृहस्थ उठले. आवाजात जराही उर्मटपणा नव्हता, उलट फार अदबीने बोलले. "मॅडम, झाकण आम्ही देतोच. लोक काढतात. आणि तुम्हीच लिहिलंय ना, बायकांचं लक्ष नसतं म्हणून? आम्ही आमच्या माहितीपत्रकात तुमचा लेख छापलाय." त्यांनी ते पत्रक पुढे केलं. रंगीत होतं. पदर खोचलेली हसरी बाई, आणि खाली, 'सावध राहा, सुरक्षित राहा.'

तुम्ही उभ्या राहिलात. टेबलाला धरून. "ते मी चुकीचं लिहिलं," म्हणालात. "मी या बायकांना त्यांच्या सासऱ्यांसमोर प्रश्न विचारले आणि मिळालं ते उत्तर खरं मानलं. लक्ष माझं नव्हतं."

ते गृहस्थ पत्रक घडी घालून खिशात ठेवायला लागले आणि ते काही नीट घडी होईना. मला तुमची इतकी दया आली आणि इतका अभिमान वाटला, की काय करावं कळेना म्हणून मी तुमच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. तुम्ही तो प्यायला नाहीत.

त्यानंतर तुमचा पत्रांचा नाद सुरू झाला. ज्यांनी ज्यांनी पहिला लेख संदर्भाला घेतला त्या प्रत्येकाला तुम्ही ईमेल करायचात. रोज सकाळी कॉलेज सुरू व्हायच्या आधी दोन-तीन. आपण आपला निष्कर्ष मागे घेतला आहे, सोबत दुसरा लेख जोडला आहे, कृपया पाहावा. मी म्हणायचे, "मॅडम, कोण वाचतंय? तुम्ही दुसरा लेख लिहिलात, संपलं."

"ज्याने पहिला वाचला त्याला कोण सांगणार?"

"तो जाईल विसरून."

"तो विसरेल गं. पण त्याने ज्यांना सांगितलं ते?"

यावर आपलं भांडण व्हायचं. मला वाटायचं, या बाई चार नवीन गावं करायची सोडून जुन्या चुकीच्या मागे धावताहेत. उत्तरं फारशी येत नव्हती. एकदा आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून एका बाईंचं उत्तर आलं, की तुमचा मेल वाचून आम्ही आमच्या मुलाखती थांबवल्या आहेत, आता बायकांना एकेकट्या भेटणार आहोत. तुम्ही ते उत्तर छापून आणलंत आणि मला तीनदा वाचून दाखवलंत. त्या दिवशी वेफर्स सगळ्यांच्या आधी मला मिळाले. खरं सांगते, त्या भांडणात तुमचं बरोबर होतं, आणि ते मी तुमच्यासमोर कबूल केलं नाही. "एकच उत्तर आलं ना पण," असंच म्हणाले.

आपलं दुसरं भांडण मात्र मिटलं नाही. ते आबांवरून होतं.

तुम्ही म्हणायचात, झाकण का काढतात हे काढणाऱ्याला कुणी विचारलेलंच नाही. बायकांना विचारलं, आता पुरुषांना विचारायला हवं, आणि सुरुवात आबांपासून करू. मी ठाम नाही म्हणाले. ते म्हातारे झालेत, मनाला लावून घेतील, घरात इतकी वर्षं तो विषय कुणी काढलेला नाही. तुम्ही म्हणालात, "मी आरोप करायला जात नाहीये. मला मशीन समजून घ्यायचं आहे."

"मशीन दुसऱ्या कुणाकडे समजून घ्या."

तुम्ही दुखावलात, पण माझं ऐकलंत. त्यानंतर कितीदा आमच्या घरी आलात. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत मागून जेवलात, भरीत मात्र आमच्याकडचं बरोबर नसतं हे दर वेळी ऐकवलंत. आबांशी पावसापाण्याचं बोललात, त्यांचं ब्लड प्रेशर तपासलंत. झाकणाचं एक अक्षर काढलं नाहीत. निघताना माझ्याकडे बघायचात फक्त, आणि मी नाही म्हणून मान हलवायचे.

आजारपणात तुम्ही फैजपूरला भावाकडे होतात. मी येऊन भेटले तेव्हा हात फार बारीक झाले होते. कामाचं बोलू नका असं तुमच्या वहिनींनी बजावलं होतं, म्हणून मी पोरीच्या कॉलेजचं सांगत बसले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग म्हणालात, "आबांचं राहिलं."

"बऱ्या व्हा आधी. मग बघू."

ते 'बघू' मी केवळ तुमचं समाधान म्हणून बोलले. मला बघायचं नव्हतं. ते तुम्हालाही कळलं असणार, कारण तुम्ही हसलात आणि डोळे मिटलेत.

परवा शोकसभेहून घरी आले तेव्हा ऊन कलत आलं होतं. आबा ओट्यावरच होते. आता त्यांना नीट दिसत नाही, पण माझी चाल ओळखतात. त्यांनी विचारलं, "गर्दी व्हती का?"

मी म्हणाले, पुष्कळ होती. आणि मग मला राहवेना, तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. त्या प्राध्यापकांनी कुठला लेख वाचला, त्यात काय लिहिलं होतं, ते मी खोटं का सांगितलं. तेरा-चौदा वर्षं जे बोलले नव्हते ते पायरीवर बसून, चप्पलसुद्धा न काढता बोलले. आबांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, हेच नको होतं.

मग ते म्हणाले, "डॉक्टरबाईनी माले कधीच इचारं नही. इतल्यांदा उनी, चहा पिनी. मी वाट देखू. आज इचारी, उद्या इचारी. इचारी लेती तं मी सांगी देतू."

मी विचारलं, "काय सांगितलं असतं, आबा?"

"झाकण मीच काढं. ते लावं का कडबा अडके, परत परत लोटना पडे. सकायमा लाईट जास, तुनी पोरनी शाळा, तुनी धावपय. मी म्हणं, हिनं काम लवकर उरकाले जोयजे." मग पुन्हा म्हणाले, "तुनासाठे काढं व्हतं, बेटा."

मॅडम, झाकण माझ्यासाठी काढलं होतं. मला लवकर मोकळं होता यावं म्हणून. इतकी वर्षं मी त्यांना वाचवते आहे असं समजत होते, आणि ते बिचारे कुणीतरी विचारावं म्हणून बसून होते. तुम्ही विचारलं असतंत तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. मध्ये मी उभी होते. तुम्ही माझा शब्द राखलात आणि तुमचं काम अर्धं ठेवून गेलात, याचं मला फार वाईट वाटतं. हे मी फैजपूरला, तुमचा हात हातात होता तेव्हा सांगायला हवं होतं.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मी वही घेऊन आबांसमोर बसले. घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं, नवऱ्यालासुद्धा. झाकण कसं होतं, किती जड, कशाने बसायचं, कडबा नेमका कुठे अडकायचा, कुणी ते बिजागरीवर उघडझाप होईल असं करून दिलं असतं तर काढलं असतं का? आबा हाताने हवेत मशीन काढून दाखवत होते. बिजागरीचं ऐकल्यावर म्हणाले, "मंग कायले काढतू?" बाकीच्या घरांत कुणी कुणी झाकणं काढली, हेही त्यांना ठाऊक आहे. नावं सांगायला लागले. ते लोकही बोलतील म्हणाले, फक्त कुणी तरी विचारायला हवं.

तासभर झाला. मला वाटलं थकले असतील, म्हणून मी पेन खाली ठेवलं. त्यांनी कान टवकारले.

"आनखी काय इचारनं शे?" म्हणाले. "इचार, बेटा. मी समदं सांगस."

मी वहीचं पान उलटलं.